एका मिलिमीटरची जादू

जादूगाराचे पत्त्यांचे खेळ दोन प्रकारचे असतात. पहिल्यात कॅट साधा आणि करामत हाताची. दुसऱ्यात करामत कॅटातच, पत्ते कापतानाच भरलेली. दुसऱ्या प्रकाराला हातचलाखीचे अभिमानी नाक मुरडतात, पण विज्ञानाच्या दृष्टीने तोच अधिक रंजक. त्यातील प्रत्येक कॅट सममिती, घर्षण आणि ज्ञानेंद्रियांची मर्यादा यांपैकी कशाचा तरी फायदा घेतो.

यातला जुना प्रकार म्हणजे निमुळता कॅट. त्यातील प्रत्येक पत्ता एका टोकाला जेमतेम एक मिलिमीटर अरुंद कापलेला असतो. आयत अर्धा फेरा फिरवला तरी पूर्वीसारखाच दिसतो. निमुळत्या पत्त्याने मात्र ही सममिती गमावलेली असते. प्रेक्षक निवडलेला पत्ता निरखत असताना जादूगार उरलेला कॅट हातातल्या हातात फिरवून घेतो. पत्ता परत आत सरकवला की त्याचे रुंद टोक इतरांच्या अरुंद टोकांत येते. मग कॅट पिसला तरी कडेवरून बोटे फिरवताच नेमका तोच पत्ता हाती लागतो. ही युक्ती रंगमंचाआधी जुगाराच्या अड्ड्यांत रुळली होती. आधुनिक जादूचे जनक मानले जाणारे फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ यांनी १८६१ मध्ये पत्तेचोरांच्या क्लृप्त्या उघड करणारे पुस्तकच लिहिले.

सावंतवाडीच्या गंजिफांवर मात्र ही युक्ती चालणार नाही. दशावतारी गंजिफांच्या संचात १२० पत्ते असतात आणि ते सगळे गोल. वर्तुळ कितीही अंशांतून फिरवा, त्याची कड जशीच्या तशी राहते. त्यामुळे उलटा घातलेला पत्ता कडेवरून ओळखू येण्याचा प्रश्नच उरत नाही. लाखकाम करणाऱ्या चिताऱ्यांनी नकळत फसवणुकीची एक वाटच बंद केली होती!

एक मिलिमीटरचा फरक प्रेक्षकाला दिसत कसा नाही? निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखतो. तीन मीटरवरून एक मिलिमीटर जवळपास तेवढाच भरतो, म्हणजे मर्यादेच्या काठावर. भाईंदर-चर्चगेट लोकलमध्ये मांडीवरच्या ब्रीफकेसवर डाव रंगतो, तिथे अंतर अर्ध्या मीटरचे. तेवढ्यावरून हाच फरक सहापट मोठा दिसतो आणि निमुळती कड लक्षपूर्वक पाहणाऱ्याच्या नजरेत येऊ शकते. बोटांची गोष्ट वेगळी. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की बोट फिरवून माणूस अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही ओळखू शकतो. डोळा थकतो तिथून बोटाचे राज्य सुरू होते आणि जादूगार नेमका या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात काम करतो.

स्वेंगाली कॅटात अर्धे पत्ते वेगवेगळे आणि पूर्ण लांबीचे. उरलेले सगळे एकच, समजा बदामाची राणी, पण किंचित आखूड. लांब आणि आखूड पत्ते आलटून-पालटून रचलेले असतात. अंगठ्याने कड सोडत पत्ते दाखवले, की आखूड पत्ता शेजारच्या लांब पत्त्यासोबत निसटतो आणि कॅट अगदी साधा भासतो. तोच कॅट दोन्ही टोकांना धरून पालथे पत्ते खाली सोडले, तर प्रत्येक आखूड पत्ता खालच्या लांब पत्त्यावर स्वार होऊन पडतो. प्रेक्षक ‘थांबा’ म्हणेल तेव्हा खालच्या ढिगावर राणीच असते. निवडीचे स्वातंत्र्य निव्वळ आभास!

तथाकथित अदृश्य कॅटात काम घर्षणाचे. त्यातील पत्ते पाठीला पाठ लावून जोडीने ठेवतात आणि पाठींवर खरखरीत द्रव्याचा हात फिरवतात. पंखा पसरला तरी जोड्या चिकटून राहतात; हलका दाब देऊन सरकवली, तरच हवी ती जोडी सुटते आणि प्रेक्षकाने नाव घेतलेला पत्ता तेवढा पालथा दिसतो. कोणती जोडी सोडायची हे साधी बेरीज सांगते. जोडीतील पत्त्यांची बेरीज १३ असते आणि इस्पिकाला बदाम, किलवरला चौकट जोडलेली असते. बदाम सत्तीच्या पाठीशी इस्पिक छक्की. राजाला मात्र राजाच लागतो.

या गुपितांचा सर्वांत मोलाचा उपयोग करमणुकीबाहेर झाला. इंग्लंडच्या रेजिनाल्ड स्कॉटने १५८४ मध्ये पत्त्यांसह अनेक युक्त्या छापून उघड केल्या, त्या चेटकीण ठरवून माणसे मारण्याला विरोध म्हणून. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने बाबाबुवांचे चमत्कार व्यासपीठावर करून त्यांमागील कारण सांगण्याचा मार्ग धरला, तोही याच परंपरेतला. करमणूक म्हणून दाखवलेला नकली कॅट ही कला आहे. तोच दैवी शक्ती म्हणून मिरवून पैसे उकळणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा ठरते.