फाट्यावर लेकराला ऊन आधी का लागतं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यावर हे दृश्य हमखास दिसतं. एसटी थांबते. आधी बॅगा उतरतात, मग आजी, मग कडेवर लेकरू घेतलेली आई. कुणी मामाच्या गावाला निघालेलं असतं, कुणी मैत्रिणीच्या घरच्या लग्नाला. इथून आतल्या गावाला जायला ऑटो मिळेल किंवा मामा गाडी घेऊन येईल. कधी? ते फोन लागला तर कळणार.

या अर्ध्या-पाऊण तासात आपण मोठी माणसं वैतागतो, पण निभावतो. मग सोबतचं दोन वर्षांचं लेकरू एकदम मलूल का होतं? ऊन तर दोघांना सारखंच आहे. आज याचाच साधा हिशोब करून बघू.

आपलं शरीर ही एक सतत पेटलेली चूल आहे. नुसतं बसून राहिलो तरी आत उष्णता तयार होत असते आणि ती बाहेर टाकावी लागते. १२ किलोचं लेकरू तासाला ढोबळमानाने २७ किलोकॅलरी उष्णता तयार करतं. त्याच्या अंगाचं तापमान एक अंशाने वाढायला लागतात फक्त १० किलोकॅलरी. म्हणजे उष्णता बाहेर जायचे सगळे रस्ते बंद झाले, तर तासाभरात अंग अडीच अंशांहून जास्त तापेल. हाच हिशोब ६० किलोच्या माणसाचा केला तर वाढ येते एक अंशाच्या थोडी वर. लेकराची चूल लहान, पण भांडं त्याहून लहान.

ही झाली आतली उष्णता. आता बाहेरची. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेल तर उष्णता अंगातून हवेत जाते. मे महिन्यात परभणीकडे हवा ४०-४२ अंशांवर गेली की उलटं होतं, हवाच अंगाला तापवते. आणि वजनाच्या मानाने लेकराची कातडी मोठ्या माणसाच्या दीडपटीहून जास्त असते. म्हणजे उष्णता आत यायला दारही मोठं.

शिवाय मोबाइलवर दिसणारं तापमान सावलीतलं असतं. हवामान केंद्रावर तापमापक जाळीच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर ठेवतात. फाट्यावर उभं असलेलं लेकरू त्याहून बुटकं असतं, तापलेल्या डांबराच्या जवळ असतं आणि बरेचदा उन्हातच असतं.

अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. तोही नुसता येऊन उपयोग नाही, वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्या हिशोबाने लेकराचं तापमान एक अंशाने उतरवायला १७ मिलिलिटर, म्हणजे साडेतीन छोटे चमचे पाणी अंगावर वाळलं तरी पुरतं! पण लहान मुलांच्या घामग्रंथी मोठ्यांपेक्षा कमी घाम काढतात. ही उणीव आपण बाहेरून भरून काढू शकतो. सुती फडकं ओलं करून मान, छाती, हातपाय पुसत राहा. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे हे पाणी झटकन वाळतं. माठ आणि कूलर याच तत्त्वावर चालतात.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. एसटीच्या खिडकीतून येणारा ४२ अंशांचा वारा कोरड्या अंगाला गार करत नाही, उलट तापवतो. तोच वारा ओल्या अंगाला गार करतो. आणि "झळ लागू नये" म्हणून लेकराला जाड टॉवेलात किंवा सिंथेटिक दुपट्यात गच्च गुंडाळलं, तर घाम वाळणंच बंद होतं. डोक्यावर पातळ, सैल सुती कापड ठेवा. तोंड झाकू नका. खिशातल्या कांद्याचा मात्र या हिशोबात कुठेच काही उपयोग नाही.

स्वतःची कार असेल तर वेगळा धोका आहे. "पाच मिनिटांत पत्ता विचारून येतो" म्हणून झोपलेल्या लेकराला बंद गाडीत ठेवू नका. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उन्हात उभ्या गाडीतलं तापमान मोजलं. तासाभरात जेवढी वाढ झाली, तिच्यातली सुमारे ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही.

मग करायचं काय? शक्यतो पहाटेची गाडी धरा. दिवसातलं सर्वांत जास्त तापमान बाराला नसतं, दुपारी अडीच ते चारच्या आसपास असतं. त्यामुळे "जेवण करून निवांत निघू" हा बेत सगळ्यांत वाईट. घ्यायला येणाऱ्याला आधीच्या गावाहून फोन करा, म्हणजे फाट्यावरची वाट कमी होईल. थांबायचंच असेल तर तापलेल्या पत्र्याखाली थांबण्यापेक्षा झाडाची सावली बघा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, आईचं दूध जास्त वेळा द्या. मोठ्या मुलांना घोटघोट पाणी द्या. ओआरएस दिलं तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट मिसळा, अंदाजाने अर्धं नको.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ऊन लागून आलेला ताप हा नेहमीचा ताप नाही. आजारपणात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर सरकवतो, म्हणून पॅरासिटॅमॉल काम करतं. उष्माघातात शरीर उष्णता टाकायला कमी पडतं, तिथे हे औषध चालत नाही. अंग खूप तापलंय आणि लेकरू बरळतंय, झटके येतायत किंवा हाक मारली तरी नीट प्रतिसाद देत नाही, असं दिसलं तर सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.

म्हणून मामाच्या गावाला निघताना खाऊच्या पिशवीत पाण्याची एक जास्तीची बाटली आणि एक सुती फडकं टाका. ही बाटली प्यायची नाही, फडकं भिजवायची.