हवेने निवणाऱ्या इंजिनाची शक्ती

फोक्सवॅगन बीटलचे मागचे झाकण उघडून जो मनुष्य प्रथमच आत डोकावतो, त्याला रेडिएटर दिसत नाही, पाण्याची नळी दिसत नाही. दिसतो तो एक काळा, कमानदार पत्र्याचा डबा आणि त्या डब्याच्या पोटात डायनामोच्याच दांड्यावर बसवलेला, पट्ट्याने फिरणारा पंखा. फर्डिनांड पोर्श यांच्या देखरेखीखाली 1930 नंतरच्या दशकात आकारास आलेले हे इंजिन, ज्याचे चार सिलिंडर दोन-दोन करून दोन्ही अंगांस आडवे निजवलेले आहेत, मूळचे इतके सौम्य प्रकृतीचे की युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत 1,131 घन सेंटिमीटरांच्या या यंत्राकडून कारखाना अवघ्या 25 अश्वशक्तींची अपेक्षा ठेवीत असे. त्याचे दीर्घायुष्य या अल्पसंतुष्टतेतच होते, हे त्याच्याकडून अधिक शक्ती मागणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावे.

मागणी मात्र लवकरच सुरू झाली. इंजिनाची शक्ती म्हणजे अखेर त्याने घेतलेल्या श्वासाची शक्ती होय. जितकी हवा आत, तितके पेट्रोल जाळता येते. बीटलच्या मूळ हेडमध्ये दोन सिलिंडरांना मिळून श्वास घेण्यास एकच वाट होती, आणि नेमके हेच वैगुण्य हेरून जर्मनीतील गेरहार्ड एटिंगर यांनी ‘ओक्रासा’ या नावाने 1950 नंतरच्या दशकात प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र वाट देणारे हेड आणि जोडीला दोन कार्बोरेटर विक्रीस आणले. पुढे कॅलिफोर्नियात या उद्योगाचा मोठाच पसारा झाला.

परंतु जाळलेल्या पेट्रोलाचा थोडाच भाग चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेल्या उष्णतेपैकी काही धुराबरोबर निघून जाते आणि काही धातूच्या माथी बसते. पाण्याच्या इंजिनात पाणी हे तारण असते, ते घटकाभर उष्णता सांभाळते. येथे सिलिंडरांवरील पातळ पंखांमधून वाहणारी हवा आणि अडीच लिटर तेल, एवढाच काय तो बंदोबस्त. त्यातही तिसऱ्या सिलिंडरावर जुन्या रचनेने अन्यायच केला होता, कारण तेल निववणारी जाळी पंख्याच्या डब्यात त्याच्याच वाटेवर उभी असे व त्याच्या वाट्यास आधीच तापलेली हवा येई. इतकी की डिस्ट्रिब्यूटरमध्ये त्याची ठिणगी किंचित उशिरा पडेल अशी तजवीज कारखान्यास करावी लागली. 1971 च्या मॉडेलात बीटलला 50 अश्वशक्तींचे, दोन वाटांच्या हेडचे इंजिन लाभले, तेव्हा त्याच सालात ही जाळी बाजूला हलवून तिला हवेची निराळी वाट देण्यात आली. शक्ती आणि शीतलता यांचा जमाखर्च एकाच पानावर मांडावा लागतो, हे कारखाना जाणून होता. हौशी माणसाला ते अनेकदा उमगत नाही.

तो क्रँकची पुली लहान बसवतो. पंखा मंदावतो, त्याने खाल्लेली थोडी शक्ती चाकांस मिळते, पण हवाही तितकीच घटते. तो 85.5 मिलिमीटरांचे सिलिंडर काढून, क्रँककेस न कापता बसतात म्हणून 88 चे घालतो. क्षमता 1,584 वरून 1,679 घन सेंटिमीटरांवर जाते खरी, पण ही वाढ सिलिंडरच्याच भिंतीतून वसूल केलेली असते, आणि पातळ भिंत तापली की वाकते. हा सौदा माझ्या मते सर्वस्वी त्याज्य आहे.

खरी परीक्षा व्हॉल्व्हपाशी होते. रात्रभर निवलेल्या इंजिनावर, झाकण उतरवून, 0.15 मिलिमीटरांची फीलर गेजची पात टॅपेटच्या स्क्रूखाली सरकवावी. ती अडकू नये, पण अंगास घासत जावी. धूर सोडणारा व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता बैठकीवर टेकलेल्या त्या क्षणमात्रातच हेडच्या स्वाधीन करतो. फट बुजली तर तो पुरता टेकत नाही आणि जळू लागतो. एकाच व्हॉल्व्हची फट दर खेपेस कमी भरत असेल, तर त्याची मान ताणली जात आहे असे समजावे आणि स्क्रू सैल करून समाधान मानण्याऐवजी हेड उतरवावे, कारण तो तुटून पिस्टनवर पडला की सगळ्या खर्चावर पाणी फिरते.

म्हणून ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी उभी आहे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की कार्बोरेटरची जोडी मागवण्यापूर्वी इंजिनाभोवतीचे सगळे पत्रे जागेवर आहेत काय, आणि इंजिनाच्या खोलीच्या कडेने फिरणारी रबरी पट्टी शाबूत आहे काय, हे पाहावे. ती फाटलेली असेल, तर पंखा खालची तापलेली हवाच पुन्हा वर ओढून घेतो. पहिला खर्च त्या पट्टीवर करावा.