पहिल्या तासाचं फळ

महाबळेश्वरहून उतरताना पाचगणीच्या वळणावर गाडी थांबते, स्ट्रॉबेरीचे दोन डबे घेतले जातात आणि मागच्या काचेपाशी उन्हात ठेवले जातात. पुणं येईपर्यंत खालच्या थराला पाणी सुटलेलं असतं. घरात खापर विकणाऱ्यावर फुटतं.

आंबा आढीत पिकतो, कच्च्या केळीचा घडही घरी पिकवता येतो. स्ट्रॉबेरीला ही सवलत नाही. तोडल्यावर रंग गडद होतो, गोडी मात्र वाढत नाही. म्हणून ती पिकल्यावरच तोडायची, म्हणजे नासण्याच्या उंबरठ्यावर. अंगावर साल अशी नाहीच, आत 90 टक्क्यांच्या आसपास पाणी. शिवाय तोडलेलं फळही श्वास घेत असतं, आणि 20 अंश सेल्सिअसला तो 0 अंशापेक्षा आठ-दहा पट वेगानं चालतो. त्यात साखर जळते, फळ मऊ पडतं.

उपाय जुनाच आहे: तोडणीनंतर शक्यतो तासाभरात फळातली उष्णता काढायची, म्हणजे प्री-कूलिंग. इथेच गफलत होते. शीतगृहात नुसत्या रचलेल्या पेट्यांच्या मधलं फळ गार व्हायला कित्येक तास जातात; पंख्यानं थंड हवा पेट्यांच्या भोकांतून ओढून घेतली, तरच काम लवकर होतं. त्यानंतर 0 अंश आणि 90 ते 95 टक्के आर्द्रता सांभाळली, तर फळ आठवडाभर टिकतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनानं फळ गार होत नाही. माझ्या मते नव्या वेष्टनाआधी बांधावरची सावली आणि वाडीजवळचं प्री-कूलिंग यांवर पैसा लागायला हवा.

दुसरा शत्रू बोट्रायटिस, म्हणजे करडी बुरशी. ती फुलातच शिरते आणि फळ पिकेपर्यंत दबा धरून बसते. 0 अंशालाही मरत नाही, फक्त मंदावते. म्हणून तोडणीला सकाळचा गारवा हवा, पण फळावर दव नको; देठ ठेवून तोडायचं, थेट पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यात भरायचं, पुन्हा चाळवाचाळव नाही. कॅलिफोर्नियात पेट्यांच्या थप्पीवर प्लास्टिकचं आवरण चढवून आत 10 ते 15 टक्के कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यानं बुरशी दबते. प्रमाण फार वाढलं की चव बिघडते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेल्या कायटोसनचा पातळ लेपही उपयोगी ठरला आहे. उपवासाच्या फळाला कोळंबीचं कवच म्हटल्यावर आपल्याकडे काय होईल, ते सांगायला नको! कायटोसन बुरशीपासूनही निघतं, म्हणजे काट्यानं काटा.

घरी? धुवून ठेवू नये. फ्रीजमध्ये कोरडीच ठेवावी, खाताना धुवावी. अमेरिकन खाद्यविज्ञान-लेखक हॅरॉल्ड मॅगी यांनी 2009 मध्ये एक उलटाच प्रयोग लिहिला होता: सुमारे 52 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद बुडवून काढायची आणि गार करायची, बुरशी लागणं लांबतं. आणि खालचा थर नुसताच दबून ओलावला असेल, तर साखर घालून पातेलं त्याच संध्याकाळी गॅसवर चढवावं.