थांबावे कोठे, हेही शिक्षणच

डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी दोन टोकांच्या समजुती आढळतात. चित्रे काढण्यात आणि पुठ्ठ्याची प्रतिरूपे बनविण्यात कष्ट ते काय, ही पहिली. दुसरी खुद्द विद्यार्थ्यांमध्ये रुजलेली असून ती अधिक घातक आहे. रात्रीमागून रात्री जागल्याखेरीज हे शिक्षण होतच नाही, किंबहुना जो जागला नाही त्याने पुरेसे कामच केले नाही, असे ती सांगते. पहिल्या समजुतीमुळे घरच्यांना मुलाचे हाल दिसत नाहीत. दुसरीमुळे मुलालाही ते हाल वाटेनासे होतात.

महाराष्ट्राला हे शिक्षण परके नाही. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्यातून १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. पाठोपाठ १९६९ साली पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर स्थापन झाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून जर्मनीतील उल्म येथे जाऊन शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. अशा संस्थांतील पदव्युत्तर अभ्यासक्रमास अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा चित्रकला यांची पदवी घेतलेले विद्यार्थी येतात. कठीण प्रवेशपरीक्षा पार करून आलेली ही हुशार मुले पहिल्याच सत्रात गांगरून जातात, ती का?

केवळ काम पुष्कळ असते म्हणून नव्हे. वैद्यकीच्या किंवा सनदी लेखापालाच्या अभ्यासातही काम पुष्कळच असते. फरक कामाच्या जातीत आहे. शालान्त परीक्षेपासून पदवीपर्यंत आपला विद्यार्थी ज्याचे उत्तर ठरलेले आहे असेच प्रश्न सोडवीत आलेला असतो. गणित सुटले की वही मिटता येते. डिझाइनचा प्रश्न मात्र सुटला असे कधी होतच नाही. रुग्णालयातील खाट असो, एसटी स्थानकावरील वेळापत्रकाचा फलक असो की शेतमजूर स्त्रीच्या हातातील अवजार असो, हाती आलेल्या उत्तराहून बरे उत्तर नेहमीच शिल्लक असते. डोनाल्ड शॉन यांनी १९८० च्या दशकात अशा शिक्षणाची बारकाईने चिकित्सा केली. आपण काय शिकतो आहोत हे कळण्याच्या आधीच विद्यार्थ्याला ते करावयास आरंभ करावा लागतो, ही त्यातील मूळची अडचण त्यांनी दाखविली. वर्गात नेहमी पहिला येणाऱ्याला हा अंधार फार जाचतो.

ईम्स दांपत्याच्या अहवालात आपल्या घराघरांतील साध्या लोट्याचे विवेचन आहे. त्यात पाणी किती मावावे, तो हातात कसा बसावा, भरलेला व रिकामा असताना त्याचा तोल कोठे राहावा, ओतताना धार कशी पडावी, किंमत किती असावी, असे कितीतरी प्रश्न मांडले आहेत. हा लोटा कोणा एका माणसाने घडविलेला नाही. पिढ्यान् पिढ्या तो घडत आला, हे तेथे आवर्जून सांगितले आहे. ज्या वस्तूला पिढ्या लागल्या त्या जातीची वस्तू विद्यार्थ्याला एका सत्रात करून दाखवावयाची असते. ती परिपूर्ण होणे शक्यच नाही. हे त्याला पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितले, तर त्याचा निम्मा भार उतरेल. न सांगितल्यास अपुरेपणा हा आपलाच दोष असे तो धरून चालतो आणि तो भरून काढण्यासाठी झोपेला कात्री लावतो.

जागरणाची ही परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत मुदत संपली की विद्यार्थ्यांची रेखाचित्रे गोळा करण्यास हातगाडी येई, आणि ती निघाल्यावरही काहीजण तिच्यासोबत जात रेघा ओढीत, असे सांगतात. त्या गाडीचे ‘शारेत’ हे फ्रेंच नाव शेवटच्या क्षणीच्या धडपडीला आजही जगभरच्या वास्तुशास्त्राच्या शाळांत चिकटून आहे. परंतु परंपरा जुनी म्हणून ती हितकर ठरत नाही. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ नियतकालिकात आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे हातापायांचे व लक्षाचे भान, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके ढळते. चोवीस तासांनंतर ते ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. आपल्या कायद्याने वाहनचालकास ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे ज्या अवस्थेत रस्त्यावर गाडी चालविणे गुन्हा ठरेल, त्याहून वाईट अवस्थेत हा विद्यार्थी धारदार कटरने फोम कापीत असतो आणि वर्षभराच्या कामाचे अखेरचे निर्णयही घेत असतो. त्या निर्णयांचा दर्जा काय असणार?

पुढे येते ती ज्युरी. भिंतीवर तक्ते लावून विद्यार्थी उभा राहतो आणि अध्यापक व बाहेरचे जाणकार सर्वांसमक्ष त्याच्या कामाची चिरफाड करतात. चार महिने ज्या कामात जीव ओतला त्यावरील टीका स्वतःवरील टीका वाटणे स्वाभाविक आहे. त्यातून तो लहान गावातून मराठी माध्यमात शिकून आलेला असेल, तर विचार मराठीत आणि बचाव इंग्रजीत अशी आणखी एक ओढाताण होते. अनेकदा परीक्षक कल्पनेवर बोलत असतात आणि विद्यार्थ्याला वाटते की आपल्या भाषेवरच बोलत आहेत.

यावर उपाय आहेत, आणि ते मोठे खर्चिक नाहीत. पहिला उपाय म्हणजे काम ओबडधोबड स्वरूपात लवकर उभे करणे. विचार पक्का झाल्यावर प्रतिरूप करू, असे म्हणणारा अखेरच्या आठवड्यापर्यंत विचारच करीत बसतो. पहिल्याच आठवड्यात रद्दी पुठ्ठ्यातून केलेली वस्तू कुरूप असेल, पण तिच्यातील चूक हाताला लागते. डोक्यातील चूक लागत नाही. दुसरा उपाय म्हणजे दिवसांचा हिशेब ज्युरीच्या तारखेपासून उलटा मांडणे. छपाईला दोन दिवस, तक्त्यांना चार, अखेरच्या प्रतिरूपाला एक आठवडा असे वजा करीत गेले, म्हणजे नव्या कल्पनांचे दार कोणत्या तारखेला बंद करावयाचे ते कळते. त्यानंतर सुचलेली उत्तम कल्पना वहीत टिपून ठेवावी. ती पुढील प्रकल्पाची ठेव होय. तिसरे, ज्युरीत आपण बोलत असताना परीक्षकांचे अभिप्राय शेजारच्या मित्राने टिपून घ्यावेत. थकलेल्या मनाला टोचलेले वाक्यच आठवते, उपयोगाचे आठवत नाही. दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर तो कागद वाचला की त्यातील कामाचे कोणते आणि सोडून देण्याजोगे कोणते ते वेगळे करता येते. चौथा उपाय सहाध्यायांचा. अभियंत्याला यंत्रणा कळते पण रेखाटन जमत नाही. चित्रकाराचे नेमके उलट. ही दोघे एकमेकांना स्पर्धक मानू लागली, तर दोघांचाही दुप्पट वेळ जातो.

तथापि सारा भार विद्यार्थ्याच्या शिस्तीवर टाकून संस्थांना मोकळे होता येणार नाही. अमेरिकेत वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २००२ साली स्टुडिओतील या संस्कृतीवर अहवाल प्रसिद्ध केला आणि जागरणाच्या उदात्तीकरणावर बोट ठेवले. त्यानंतर तेथील मान्यता देणाऱ्या मंडळाने प्रत्येक शाळेकडे याबाबत लेखी धोरण असलेच पाहिजे, अशी अट घातली. आपल्या संस्थांनाही काही गोष्टी सहज करता येतील. चार विषयांच्या मुदती एकाच आठवड्यात येऊ न देणे, गुणांचे निकष आधी जाहीर करणे, अभिप्राय लेखी देणे आणि ज्याला इंग्रजीत अवघडल्यासारखे होते त्याला मराठीत किंवा हिंदीत बोलण्याची मुभा देणे, यांसाठी नवी इमारत किंवा वाढीव अनुदान लागत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की, व्यवसायातही मुदती असतात, ग्राहक कोणाचे लाड करीत नाही, तेव्हा मुलांना आतापासूनच सवय हवी. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. पण व्यवसायात किंमत असते ती ठरल्या दिवशी पुरे झालेल्या कामाची. ते करताना कोण किती जागला याचे देयक ग्राहक भरीत नाही. सवय लावावयाचीच तर वेळेत संपविण्याची लावावी. आणि ‘आम्हीही असेच भोगले’ हा युक्तिवाद तर शिक्षणाचा नव्हेच. सासुरवास सोसलेल्या सुनेने सासू झाल्यावर करावा तसला तो आहे.

डिझाइन म्हणजे मर्यादांत राहून माणसाच्या गरजेला आकार देणे. पैसा, साहित्य, यंत्र आणि वापरणाऱ्याचे शरीर या मर्यादा पाळावयास विद्यार्थ्याला शिकविले जाते. वापरणाऱ्याच्या पाठीला रग लागू नये म्हणून खुर्चीची उंची पुन्हा पुन्हा मोजणारा तरुण स्वतः तीन रात्री पाठ टेकत नसेल, तर त्याच्या शिक्षणातील एक महत्त्वाचा धडा राहून गेला आहे. तो त्याला शिकविणे हे शिक्षकांचे काम आहे, आणि काम हातावेगळे करून वेळेवर दिवा मालविणाऱ्या विद्यार्थ्याला आळशी न म्हणणे हे इतर सर्वांचे.