तीन कोटेशन आणि दोन बाजू

15 डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा, 15 मार्शमॅलो, 15 चेरी आणि वरून कंडेन्स्ड मिल्क. सगळं मळून लांबट गुंडाळी करायची, खोबऱ्याच्या किसात घोळवायची आणि फ्रीजमध्ये घट्ट झाली की चकत्या कापायच्या. नॉर्दर्न आयर्लंडच्या गावांमध्ये या ‘फिफ्टीन्स’शिवाय सहसा बैठक उरकत नाही. माझ्यापर्यंत मात्र त्या किराण्याच्या पावतीच्या रूपात पोहोचतात. कुणी प्रेमाने घरून करून आणल्या तर त्यांचा खर्च मागता येत नाही. सामानाची पावती जोडली तर येतो, पण सोबत त्या बैठकीचं हजेरीपत्रक लागतं आणि हजेरीपत्रकात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही बाजूंची माणसं दिसावी लागतात. एकाच बाजूच्या लोकांनी खाल्लेल्या फिफ्टीन्स शांततेच्या खात्यात टाकता येत नाहीत.

मी बेलफास्टमध्ये हिशेबनीस आहे. फर्मॅना, टिरोन, आर्मा या आयर्लंडच्या सीमेलगतच्या परगण्यांतल्या लहान संस्थांचे क्लेम अनुदान देणाऱ्यांकडे जाण्याआधी माझ्याकडे येतात. टाइमशीटवर कर्मचारी आणि त्याचा वरिष्ठ अशा दोघांच्या सह्या आहेत का, पगार बँकेच्या स्टेटमेंटशी जुळतो का, भिंतीवर देणगीदाराची पाटी लावल्याचा फोटो आहे का, हे पाहायचं. कंटाळवाणं काम आहे. पण या कंटाळवाण्या कागदांच्या आड उभं राहून माणसं इथे अशा गोष्टी करतात, ज्या उघडपणे करायची त्यांची हिंमत झाली नसती. हे माझ्या ध्यानात आलं ते फायली सोडून एकदोन गावांत बैठकींना बसू लागले तेव्हा.

आधी थोडा मागचा हिशेब. ‘ट्रबल्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सशस्त्र संघर्षाच्या तीस वर्षांत 3,500हून अधिक माणसं मारली गेली. अजून गोळीबार चालू होता तेव्हाच पैसा यायला सुरुवात झाली होती. नोव्हेंबर 1985मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी करार केला आणि 1986मध्ये ‘इंटरनॅशनल फंड फॉर आयर्लंड’ स्थापन झाला. अमेरिका, युरोपीय समुदाय, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने त्यात भर घातली. ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या युनियनिस्टांना तो करारच मान्य नव्हता, त्यामुळे हा पैसा त्यांच्यातल्या अनेकांना लाच वाटला. तरी तो छोट्या गावांपर्यंत झिरपला. बाजारपेठेच्या ओसाड रस्त्यावर गाळे उभे राहिले, बंद पडलेल्या गिरण्यांत कारागिरांची दुकानं आली.

दुसरी मोठी धार युरोपची. ऑगस्ट 1994मध्ये ब्रिटनपासून वेगळं होण्यासाठी लढणाऱ्या आयआरएने आणि ऑक्टोबरात ब्रिटनच्या बाजूच्या निष्ठावंत सशस्त्र गटांनी शस्त्रसंधी जाहीर केली. युरोपीय संसदेतले नॉर्दर्न आयर्लंडचे तीन खासदार म्हणजे जॉन ह्यूम, इयन पेस्ली आणि जिम निकलसन. एरवी यांचं एकमेकांशी कशावरच पटत नसे. हे तिघे मिळून युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक डेलॉर यांना भेटले आणि 1995मध्ये ‘पीस’ कार्यक्रम सुरू झाला. त्यातली मला सर्वांत हुशार वाटणारी तरतूद म्हणजे तेव्हाच्या 26 जिल्हा परिषदांच्या क्षेत्रांत नेमलेल्या भागीदारी समित्या: एक तृतीयांश निवडून आलेले नगरसेवक, एक तृतीयांश स्वयंसेवी संस्थांची माणसं, उरलेले उद्योजक, कामगार संघटना आणि सरकारी खाती. शहरातल्या मुत्सद्द्यांचा गुड फ्रायडे शांतता करार एप्रिल 1998मध्ये झाला. त्याच्या आधी दोनतीन वर्षं हे लोक कुणाच्या गावात क्रीडांगण आणि कुणाच्या गावात पाळणाघर यावर टेबल बडवून भांडत होते. एका टेबलाशी बसून भांडत होते, हे महत्त्वाचं.

शांततेला पैशाची जोड देण्याचा विचार मला नवा नव्हता. माझे वडील सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक होते. तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007ला सुरू झाली तेव्हा घरी तिच्याशिवाय विषय नसे. समिती नेमा, तंटे मिटवा, मूल्यमापन करून घ्या, मग लोकसंख्येच्या हिशेबाने बक्षीस. गावात पहिला खरा तंटा बक्षिसाचं काय करायचं यावरून होतो, असं ते म्हणायचे. गडचिरोलीत नक्षलवाद्यांना गावबंदीचा ठराव करणाऱ्या गावाला विकासासाठी निधी, हाही त्याच घडणीचा विचार: आधी शांतता, नंतर पैसा. इथे मंजुरी शांतता व्हायच्या आधी मिळते. पैसे मात्र खर्च करून झाल्यावर येतात. मंजुरीचं पत्र हातात असलं तरी संस्थेला आधी पदरचे घालावे लागतात, मग तिमाही क्लेम, मग तपासणी, मग परतावा. काही योजनांत आगाऊ हप्ता मिळतो. नाही तिथे बँकेचा ओव्हरड्राफ्ट, नाहीतर एखाद्या सभासदाकडून हातउसने. फर्मॅनाच्या एका संस्थेचा युवक कार्यकर्ता दोन महिने त्याच संस्थेच्या खजिनदाराच्या गायी विकून आलेल्या पैशावर पगार घेत होता. त्या गायी प्रोटेस्टंटाच्या होत्या आणि मुलगा कॅथलिक होता. हे त्या खजिनदाराने मला सांगितलं नाही. बँकेच्या स्टेटमेंटवर दिसलं आणि मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “मग काय, पोराला उपाशी ठेवू?”

आता बॉयलरची गोष्ट. दक्षिण फर्मॅनातल्या एका गावात जुन्या शाळेचं सामायिक सभागृह केलं होतं आणि तिथे तेलावर चालणारी नवी हीटिंग बसवायची होती. नियम आपल्या सरकारी खात्यांतल्यासारखाच: तीन कोटेशन. तिन्ही पाकिटं बैठकीत उघडली. नावं वाचल्याबरोबर खोलीत कुणालाच काही विचारावं लागलं नाही. आपल्याकडे आडनाव कळलं की लोक मनात जात मांडतात, तसं इथे प्लंबरच्या नावावरून त्याचं चर्च कळतं. सर्वांत कमी दराचं कोटेशन एका कॅथलिक माणसाचं निघालं.

एवढ्याशा बॉयलरवर खोली गप्प का झाली, हे समजायला 17 जानेवारी 1992ची संध्याकाळ माहीत हवी. ओमा इथल्या लष्करी छावणीत बांधकाम करून परतणाऱ्या कामगारांची व्हॅन टीबेन फाट्यावर आयआरएच्या सुरुंगाने उडाली. आठ प्रोटेस्टंट कामगार गेले. गुन्हा काय, तर छावणीचं काम घेतलं. कंत्राटदार कुणाचं काम घेतो आणि कुणाकडून घेत नाही, हा या भागात कित्येक वर्षं जिवाशी खेळ होता. त्या पिढीची माणसं आजही समित्यांवर आहेत.

तर पाकिटं उघडल्यावर सचिवाने एक फॉर्म फिरवला. हितसंबंध जाहीर करण्याचा. बोली लावणाऱ्याशी तुमचं नातं आहे का? ग्रामीण फर्मॅनात आपल्या बाजूच्या कुणाशी नातं नसलेला माणूस शोधावा लागेल. तीन कॅथलिक सभासदांपैकी एकाचा तो चुलतभाऊ, दुसरीचा व्याही, तिसरा म्हणाला, आमचे आजोबा एक, पुढचं मला नीट सांगता येणार नाही. नियमाप्रमाणे तिघांनीही बाहेर जायचं. गेले, पोर्चमध्ये सिगारेट ओढत उभे राहिले. आत उरले सगळे प्रोटेस्टंट. त्यांनी पाच मिनिटांत काम त्या कॅथलिक प्लंबरला दिलं. इतिवृत्तात एकच ओळ आहे: नियमानुसार सर्वांत कमी दराचं कोटेशन मंजूर.

त्या ओळीतला ‘नियमानुसार’ हा शब्द फार उपयोगी पडतो. दुसऱ्या दिवशी चर्चबाहेर कुणी टोचून विचारलं, काय रे, आपल्यातला माणूस नव्हता का? तर उत्तर तयार असतं: मी काय करणार, फंडवाल्यांचा नियम आहे. याच एका वाक्याच्या जोरावर इथे बरंच काही चालतं. मुलींच्या फुटबॉलच्या संघात दोन्ही शाळांच्या मुली का? फंडवाल्यांचा नियम. सहलीची बस प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज हॉलपाशी का थांबली आणि कॅथलिकांच्या गेलिक क्लबपाशीही का? तोच. कागदाने दोष आपल्या अंगावर घेतला की माणसं मोकळी होतात. सामंजस्याची भाषणं मीही भरपूर ऐकली आहेत. त्यांपैकी एकानेही त्या प्लंबरला काम दिलं नसतं.

हजेरीपत्रकाचंही तसंच. त्याच्या सोबत एक छोटा फॉर्म असतो: तुम्ही प्रोटेस्टंट समाजाचे, रोमन कॅथलिक समाजाचे, की दोन्ही नाही? तुम्ही चर्चमध्ये जाता का हे विचारत नाहीत. तुम्हाला लोक कुणातले समजतात, एवढंच. नोकरीच्या ठिकाणी तर 1989च्या कायद्यानंतर ही नोंद बंधनकारक झाली, आणि कुणी उत्तर टाळलं तर तो कुठल्या शाळेत शिकला यावरून मालकाला अंदाज बांधता येतो. मी पहिल्यांदा ‘दोन्ही नाही’वर खूण केली तेव्हा शेजारच्या आजी हळूच म्हणाल्या, “बरं आहे बाई तुझं.” पाहुण्याला विचारायची ठरलेली थट्टा, हिंदू खरा पण कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू, तीही यथावकाश झालीच.

या पद्धतीचा जाचही कमी नाही. ज्यांना फॉर्म भरता येतो त्यांनाच पैसा मिळतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यात कॅथलिक वस्त्या पुढे होत्या. सरकारवर विसंबायची सोय नसल्याने त्यांनी आपल्या पतपेढ्या आणि वस्तीसंस्था आधीच उभ्या केल्या होत्या. प्रोटेस्टंट खेड्यांत सगळं चर्च आणि ऑरेंज हॉलभोवती फिरे आणि ‘शांततेचा पैसा’ म्हणजे तडजोडीचा पैसा असा संशय होता. तो हळूहळू निवळला. 2015मध्ये ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेचं संग्रहालय बेलफास्टमध्ये आणि ऑर्डर जिथे 1795मध्ये जन्मली त्या लॉकगॉल गावात उघडलं, तेही युरोपच्या पीस निधीतून.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. कार्यकर्त्याची नोकरी दोनतीन वर्षांची. त्याला गावाने आपला म्हणायला लागावं, तोवर मुदत संपते. दोन बाजूंची मुलं किती तास एकत्र होती याचे तक्ते भरायचे, मग तास भरण्यासाठी उपक्रम काढायचे. काही गावांत समेट सोपा करण्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक सभागृह दिलं गेलं. दोन्हींना कुलूप, दोन्हींचं वीजबिल थकलेलं. असल्या फायलीत एकही पावती चुकीची नसते.

याउलट एक पूल. फर्मॅना आणि पलीकडच्या आयर्लंडमधलं कॅव्हन यांच्या सीमेवर, एनिस्किलनहून बेलटर्बेटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा आघलेन पूल 1972मध्ये उडवला गेला. ब्रिटिश लष्कराने सीमेवरचे कितीतरी छोटे रस्ते खड्डे पाडून आणि काँक्रीट टाकून बंद केले होते. शेतकरी रविवारी फावडी घेऊन खड्डे बुजवत, लष्कर ते पुन्हा उकरी. शेत एका देशात, गोठा दुसऱ्या देशात अशी माणसं मैलोगणती वळसा घालत. 1999मध्ये आघलेनला नवा पूल झाला आणि त्याला गुड फ्रायडे कराराच्या वाटाघाटी चालवणारे अमेरिकी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचं नाव दिलं. त्याच वर्षी पीस निधी सांभाळणारी सीमापार संस्था, एसईयूपीबी, जन्मली. पुलावरून जाताना कुणाला हजेरी द्यावी लागत नाही, ही मला त्याची मोठी शोभा वाटते.

ब्रेक्झिटनंतर हे सगळं आटेल अशी धास्ती होती. आटलं नाही. 2021 ते 2027साठीच्या ‘पीस प्लस’ची रक्कम सुमारे 1.1 अब्ज युरो आहे आणि सर्वांत मोठा वाटा ब्रिटिश सरकारचा आहे. त्यासाठी नॉर्दर्न आयर्लंडच्या आताच्या 11 आणि सीमेपलीकडच्या सहा परिषदांनी आपापला आराखडा गावकऱ्यांना विचारून करायचा होता. काही खर्चांना पावत्यांऐवजी ठरावीक टक्के धरायची मुभा आली आहे, म्हणजे फिफ्टीन्सची पावती बहुधा माझ्याकडे यायची थांबेल.

बॉयलरवाल्या सभागृहाचं अनुदान मात्र संपलं आहे. तेलाचा खर्च भागवायला समितीने भाड्याचे दर ठरवायला घेतले. योगवर्ग, वाढदिवस, वजन कमी करणाऱ्यांचा क्लब हे पटापट झालं. अंत्यविधीनंतरच्या चहासाठी कुणाकडूनच पैसे घ्यायचे नाहीत, यावर एकमत झालं. ऑरेंज मिरवणुकांत वाजवणाऱ्या बासरी बँडच्या जुलैतल्या सरावावर गाडी अडली. एकाने विचारलं, दर लावायचा म्हणजे परवानगी द्यायची का? दुसऱ्याने विचारलं, गेलिक क्लबच्या पारितोषिक समारंभाला झेंडा चालतो, मग ढोल का नाही? सगळ्यांनी सवयीने सचिवाकडे पाहिलं. तो म्हणाला, “आता फंड नाही. नियम आपणच करायचा आहे.” सव्वादहा वाजले होते, बऱ्याच जणांना पहाटे धार काढायची होती. बँडचा दर पुढच्या बैठकीवर ढकलला.