देवनागरीतील कुंचला-वळणाचे फाँट : स्वरूप आणि उपयोजन

प्रस्तावना :
भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. येथील कारखाने, गोदामे व दुकाने यांच्या पाट्या एके काळी पेंटर कुंचल्याने रंगवीत असत. आता बहुतेक पाट्या संगणकावर जुळवून फ्लेक्सवर छापल्या जातात. हाताच्या अक्षरातील मोकळेपणा छापील मजकुरातही यावा, म्हणून कुंचल्याच्या वळणाचे फाँट वापरले जातात. महाविद्यालयीन निमंत्रणपत्रिका व भित्तिपत्रके यांतही ते दिसतात. त्यांचे स्वरूप व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वरूप :
रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी केलेला 'ब्रश स्क्रिप्ट' हा या प्रकाराचा परिचित रोमन नमुना होय. उजवीकडे झुकलेली अक्षरे, कमी-अधिक जाडीच्या रेषा आणि पुढील अक्षराला तळाशी भिडणारी शेपटी ही त्याची लक्षणे. देवनागरीत मात्र अक्षरे वरच्या बाजूस, शिरोरेषेने सांधली जातात. त्यामुळे केवळ तिरपेपणा देऊन भागत नाही. हाताचा वेग शिरोरेषेत आणि काना, वेलांटी, उकार यांच्या फटकाऱ्यांत उतरावा लागतो.

कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके रेखाटताना अक्षराच्या आकारातूनच नाटकाची प्रकृती सुचविली. हाताने लिहिताना एकाच शब्दातील दोन 'र' वेगळे काढता येतात. साध्या फाँटमध्ये ते तंतोतंत सारखे येतात आणि उत्स्फूर्ततेचा आभास तेथेच मोडतो. मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून 'यात्रा' हा फाँट घडला. तो कुंचल्याचा असूनही झुकता नाही. अर्थात कुंचल्याचे वळण एकच नसते.

उपयोजन :
हे फाँट शीर्षक, मुखपृष्ठ, दुकानाचे नाव अशा मोजक्या शब्दांसाठी योग्य ठरतात. सलग मजकुरात लहान आकारात रफार, अनुस्वार व जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. परीक्षेच्या सूचनेत किंवा प्रवेशाच्या तारखांत असा गोंधळ विद्यार्थ्यांना महागात पडू शकतो. शिवाय, शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' निश्चित केले. निवडलेल्या फाँटमध्ये ही रूपे आहेत का, हे पाहणे अगत्याचे आहे. 'सुऱ्या', 'कुऱ्हाड', 'शुद्धी', 'कर्तृत्व' हे शब्द आधी छापून पाहिल्यास त्याची उणीव तत्काळ ध्यानात येते.

समारोप :
२०२२ च्या कायदादुरुस्तीनुसार दुकानांच्या फलकांवरील मराठी अक्षरे इतर लिपींतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत. तथापि आकार मोठा असला म्हणजे अक्षर वाचनीय होतेच असे नाही. म्हणून कुंचल्याचे वळण नावापुरते राखावे आणि माहितीसाठी सरळ, सुस्पष्ट अक्षर योजावे, हेच इष्ट होय.