टाचेखालची गादी

गुडघे ताठ ठेवून चार पावले चालून पाहा. प्रत्येक पावलाचा हादरा पार डोक्यापर्यंत जाणवेल. मग एरवी तो का जाणवत नाही बरे?

टाच टेकताच जमीन पायाला उलट ढकलते. हे बल चालताना वजनाहून थोडेसेच अधिक असते. धावताना ते दुपटी-तिपटीवर जाते. पहिला धक्का झेलते ती टाचेखालची चरबीची गादी. तिची जाडी सुमारे १८ मिलिमीटर. कापूस सरकू नये म्हणून गादीवाला टाके घालतो ना? येथेही चरबी चिवट तंतूंच्या कप्प्यांत कोंडलेली असते. म्हणून ती दबते, पण बाजूला पसरत नाही. नंतर पावलाची कमान किंचित सपाट होते आणि गुडघा १५ ते २० अंशांनी वाकतो.

खरी गंमत पुढेच आहे. मांडीचे स्नायू टाच टेकण्यापूर्वीच आवळू लागतात आणि मग ताणले जात गुडघ्याला बेताने वाकू देतात. जमीन केव्हा लागेल, याचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो! अंधारात जिन्याची पायरी चुकली, की स्नायू बेसावध सापडतात, आणि अवघ्या सहा-सात इंचांच्या उंचीवरून पडलेला पाय मस्तकापर्यंत सणक नेतो.